दुसऱ्या माणसाची सही

सोलापुरात सात रस्त्यावर माझा छापखाना आहे आणि त्याच्या डोक्यावरच्या खोलीत सहा वर्षं समुद्र होता.

हसू नका. ज्या गावात नळाला चार दिवसांआड पाणी येतं, त्या गावात एका माणसाने शिडाची होडी चालवायचा क्लास काढला, भाड्याने जागा घेतली ती माझ्या वरची, आणि पाटी रंगवून घेतली तीही माझ्याकडून: ‘यॉट स्वतः चालवा. खलाशाची गरज नाही.’ पहिल्या महिन्यात वर चढून गेलेले लोक पासपोर्टची चौकशी करून खाली आले. एकजण तर बाळाला पोहायला शिकवता का म्हणून विचारून आला. त्याला वरून जे ऐकायला मिळालं, ते त्याने खाली येऊन मला मोठ्या आदराने सांगितलं.

मल्लिनाथ बिराजदार सर मूळचे कर्नाटकच्या सीमेजवळच्या मंद्रूपचे. लष्करात भरती झाले, तिथल्या नौकानयनाच्या केंद्रात शीड हाती आलं, आणि निवृत्तीनंतर ग्रीसच्या एका बेटावर यॉट भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या धक्क्यावर अकरा वर्षं राहिले. काम एकच. होडी घ्यायला आलेल्या पाहुण्याचे कागद तपासायचे आणि किल्ल्या द्यायच्या. बुटके, काळे, उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक एका दोराने नेलेलं. खिशात कायम हातभर दोरी. बोलता बोलता तिला गाठ मारायचे, सोडायचे. माझ्या छापखान्यातला कागदाचा एकही गठ्ठा त्यांनी सुखाने सुतळीत राहू दिला नाही. पोरं सोडता सोडता रडकुंडीला यायची.

आणि राग. तो तीन मजली होता. पहिल्या मजल्यावर सर गप्प बसत आणि फक्त दोरी फिरत राही. दुसऱ्या मजल्यावर त्यांची शुद्ध मराठी गळून पडे आणि मंद्रूप सुरू होई. तिसऱ्या मजल्यावर कानडी. वरून कानडी ऐकू आली की मी मशीन बंद करायला सांगायचो, कारण एका इमारतीत दोन यंत्रं चालू नयेत.

आता त्या कागदांचं सांगतो, कारण सरांचा सगळा संताप त्या कागदांवर उभा होता. परदेशात आठवडाभरासाठी यॉट भाड्याने मिळते. कप्तानासकट घेतली तर तुम्ही फक्त टोपी घालून फोटो काढायचे. पण नुसती होडी घ्यायची, कप्तान तुम्हीच, तर चालवता येतं असं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र लागतं. त्यात खाडी-समुद्राचं वेगळं, तळ्या-नदीचं वेगळं. बहुतेक ठिकाणी रेडिओवर बोलायचं दुसरं प्रमाणपत्र लागतं. आजवर किती दिवस, कुठल्या पाण्यात, कोणाच्या हाताखाली होडी चालवली याची वही लागते. आणि ग्रीसमध्ये आणखी एक कागद: दुसऱ्या माणसाची सही. कप्तानाला काही झालं तर मी होडी आणि माणसं सुखरूप आणू शकतो, असं लिहून देणारा दुसरा कोणीतरी. प्रमाणपत्राची परीक्षा घ्यायला परीक्षक वर्षातून एकदा गोव्याला येत. सरांच्या हातात फक्त अनुभवाच्या वहीवरची सही होती. पण ती नसेल तर परीक्षक माणसाला दारातून परत पाठवत.

असले कागद सोलापुरात कोणाला लागतात? अहो, ज्यांची पोरं परदेशात आहेत त्यांना. डॉक्टर, बिल्डर, कारखानदार. दर बॅचला एकजण तरी पहिल्याच दिवशी विचारायचा, “सर, सर्टिफिकेट कधी मिळेल?” सर त्याला विचारत, मोटारीचं लायसन काढताना तू आठ काढला होता का? तो हसायचा. एजंट होता की, म्हणायचा. सर म्हणत, “वाऱ्याला एजंट न्हाई. आन् वाऱ्याला तुजं आडनाव बी ठावं न्हाई.”

समुद्रावर कोणी कोणाला वाट द्यायची, हे ते खिडकीतून शिकवत. खाली अख्खा सात रस्ता. मी जिन्यात उभा राहून ऐकायचो, कारण फुकट होतं. “ती रिक्षा बघा. टेम्पो तिच्या उजवीकडनं येतोय. वाट कुणी द्यायची? रिक्षानं. देती का? न्हाई. बुडाली. टेम्पोनं तरी येग कमी करायचा? न्हाई केला. टेम्पो बी बुडाला. आता ती बुलेट दोगांच्या मदनं चाललीया. जाऊ दे, तिला बुडू दे, तिची लायकीच ती हाय.” तासाच्या शेवटी निम्मं सोलापूर तळाला गेलेलं असायचं आणि सर घामाघूम.

रविवारी सगळी वरात उजनी धरणाच्या पाण्यावर, माढ्याच्या अंगाला. लष्कराने काढून टाकलेली एक पाच माणसांची होडी सरांनी डागडुजी करून तिथे ठेवली होती. त्या पाण्याखाली गावं आहेत. विहिरी, चिंचांचे खुंट, घरांच्या भिंती, एका देवळाचा कळस. धरण उतरत जातं तसं एकेक वर येतं, आणि वर येण्याआधी होडीच्या पोटाला लागतं. सरांनी म्हाताऱ्या कोळ्यांना बरोबर घेऊन, काठीने चाचपून, त्या सगळ्याचा नकाशा काढला होता. तो मी अनुभवाच्या वहीच्या शेवटच्या पानावर छापायचो. पाचव्या वर्षी, जानेवारीत, सर वही घेऊन खाली आले आणि ती माझ्या टेबलावर आपटली. एक विहीर तांदळाच्या दाण्याएवढी डावीकडे छापली गेली होती. मी म्हटलं, सर, दाणाभर. ते म्हणाले, “विहीर तुमच्या छापखान्यात सरकली प्रेसवाले, पाण्यात न्हाई सरकली.” पुढच्या रविवारी मला ओढून नेलं, खऱ्या विहिरीवर होडी थांबवली, हातात वल्हं दिलं आणि खाली पाण्यात खुपसायला सांगितलं. वल्हं दगडावर खण्णकन वाजलं. जिथे मी विहीर छापली होती तिथे दोन पुरुष पाणी होतं. नवी वही छापून दिली. ही विहीर लक्षात ठेवा. मी विसरलो होतो, तेच माझ्या अंगाशी आलं.

त्याच महिन्यात श्रीनिवासने क्लासला नाव घातलं. टॉवेलचा कारखाना, घरात तेलुगू, बाहेर खणखणीत सोलापुरी, आणि दर दिवाळीला माझ्याकडे कॅलेंडर छापणारा माणूस. लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती. जर्मनीहून मुलगी आणि जावई येणार, जावयाचे आईवडील येणार, सगळे मिळून जूनमध्ये ग्रीसला, यॉट ठरलेली, कप्तान स्वतः श्रीनिवास. नांगराचं चित्र असलेली पत्रिकासुद्धा माझ्याकडे छापायला टाकली होती. बरोबर बायको होती, लक्ष्मी. सरांनी विचारलं, ह्यांचं काय? श्रीनिवास म्हणाला, “त्यांना काय शिकायचं नाही ओ सर. ते दुसऱ्या माणसाची सही लागते ना, त्यापुरतं.”

वर शांतता झाली. दोरी फिरायला लागली, हे मला खालून दिसलं नाही पण कळलं.

“त्या बसतील,” सर म्हणाले. “तुमच्या आदी बसतील.”

श्रीनिवास पहिले दोन रविवार आला, मग ऑर्डरी आल्या. लक्ष्मी मात्र चुकली नाही. कारखान्यात मागांवर नजर ठेवायचं काम वीस वर्षं तिचंच. सूत किती ताणलं की तुटतं आणि किती सैल सोडलं की वीण फसते, हे तिच्या हाताला डोळ्यांआधी कळायचं. शिडाचा दोर पहिल्यांदा हातात घेतला आणि म्हणाली, सर, हा जरा ताण मागतोय. सरांनी तिच्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता ओरडतील. ते ओरडले. पण दुसऱ्याच एका माणसावर, जो तीन महिने तोच दोर धरून बसला होता.

माणूस पाण्यात पडला तर काय करायचं, हा धडा सर दर रविवारी घेत. रॉकेलचा रिकामा कॅन, त्याला केशरी जाकीट, आणि त्यावर रंगाने विद्यार्थ्याच्या जोडीदाराचं नाव. तो कॅन पाण्यात. मग एकाने सुकाणू धरायचं, वाऱ्याला आडवं जायचं, वळायचं, वाऱ्याच्या खालच्या अंगाने परत यायचं, शीड सोडून द्यायचं म्हणजे होडी त्या माणसाच्या शेजारी थांबते. आणि दुसऱ्याने काहीही करायचं नाही. फक्त हात लांब करून पडलेल्या माणसाकडे दाखवत राहायचं, आणि नजर काढायची नाही. कोणी हाक मारली तरी नाही. लक्ष्मीने तीन आठवड्यांत ‘श्रीनिवास’ चौदा वेळा बाहेर काढला.

मार्चमध्ये खरा श्रीनिवास माझ्याकडे आला. दुपारची वेळ, दोन चहा मागवले, दार ओढून घेतलं. गोव्याच्या परीक्षेला वही भरलेली हवी, आणि त्याची वही कोरी. एक नवी वही छापून द्यायची, त्यावर तारीख दोन वर्षांपूर्वीची. आपण जुने विद्यार्थी आहोत म्हणून दाखवू, सर गठ्ठ्यात सही करून टाकतील. “तेवढंच की ओ,” तो म्हणाला. “तुमच्याकडे तर प्लेट तयार आहे.”

मी छापली. कारणं देऊ शकतो, पण ती कारणं मला स्वतःला ऐकवली तर मी स्वतःच्या थोबाडीत मारीन. ओळखीचा माणूस, कॅलेंडरचं गिऱ्हाईक, नाही कसं म्हणायचं. आपल्याकडे ‘नाही कसं म्हणायचं’ या तीन शब्दांवर जेवढे कागद चालतात, तेवढे सरकारच्या शिक्क्यावर चालत नाहीत.

वही भरली श्रीनिवासने, मन लावून. वीस दिवस, सगळे उजनीत. रकान्यात प्रश्न होता: भरती-ओहोटीचं पाणी आहे का? आता समुद्राचं प्रमाणपत्र हवं तर हो म्हणायला हवं. आणि त्याने खोटंही लिहिलं नाही, हे त्याचं दुर्दैव. दोन रविवार तो आला होता, त्या मधल्या आठवड्यात कालव्याला पाणी सोडलं होतं आणि काठ खाली गेलेला त्याने डोळ्यांनी पाहिला होता. त्याने लिहिलं: ‘होय. ओहोटी दोन फूट. पूर्ण आठवडा.’

ती वही सहीला वर गेली त्या दिवशी सर पहिल्या मजल्यावर थांबलेच नाहीत. दुसराही ओलांडला. जिना उतरताना थेट कानडी चालू होती, ती माझ्या दाराशी येऊन मराठी झाली. मागे लक्ष्मी, तिच्या मागे श्रीनिवास.

“आठ दिस ओहोटी! चंद्र काय पाटबंधारे खात्यात नोकरीला लागलाय?”

खरं सांगतो, मला हसू आलं. मशीनवरच्या दोघांनाही आलं. मग सरांनी वहीचं शेवटचं पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं.

“वही दोन सालामागची,” ते अगदी हळू म्हणाले. “आन् हीर यंदाची.”

दुरुस्त केलेली विहीर. माझ्याच हाताने, बरोबर जागी. माझं हसू कुठे गेलं ते मला अजून सापडलेलं नाही.

श्रीनिवास मध्ये पडला. म्हणाला, कागदाचा काय एवढा बाऊ, मी काय पहिल्यांदा गाडी चालवतोय, तिथली कंपनी कागद बघते आणि किल्ली देते, तुम्हीच तर अकरा वर्षं दिल्या.

तेव्हा सरांनी ते सांगितलं. उभ्याने, दोरी हातात, कुणाकडे न बघता, शुद्ध मराठीत. असाच एक पाहुणा आला होता. सगळे कागद बरोबर, सगळे शिक्के खरे. दुसऱ्या माणसाच्या जागी बायकोची सही. तिने कागद न वाचता सही केली, सरांनी तिला काही न विचारता ती घेतली, कारण धक्क्यावर रांग होती. तिसऱ्या दिवशी तो माणूस दोर सोडवायला पुढे गेला आणि पाण्यात पडला. वारा चांगला होता. तिला होडी वळवता येत नव्हती, शीड उतरवता येत नव्हतं, रेडिओचं कुठलं बटण दाबायचं ते माहीत नव्हतं. ती नुसती पुढे जात राहिली. संध्याकाळी मच्छीमारांनी होडी धरली तेव्हा ती मागे तोंड करून बसली होती.

“ती सही मी घेतली,” सर म्हणाले. “कागद अजून तिथं फाइलीत आहे. एकदम बरोबर आहे.” मग माझ्याकडे वळले. “तुमी लग्नपत्रिका छापता, नवरा कोण ते न बघता छापता. चालतंय. पण ही कशाची पत्रिका छापली, ते इचारा की जरा.”

त्यांनी वही फाडली नाही. टेबलावर ठेवली. रविवारी परीक्षा, दोघांची, असं सांगितलं, आणि मलाही यायला सांगितलं. हात दाखवायला.

त्या रविवारी उजनीवर पश्चिमेचा कडक वारा होता. देवळाच्या कळसाचं टोक नुकतंच वर आलेलं. श्रीनिवास सुकाणूवर, लक्ष्मी शिडाच्या दोराशी, मी मधे अंग चोरून. सगळे जाकिटात. कॅन कुठे दिसेना. मी विचारणार होतो, तेवढ्यात सरांनी चष्मा काढला, माझ्या हातात दिला, म्हणाले, “धरा,” आणि पाठीमागे पाण्यात पडले. वयाच्या सत्तराव्या वर्षी.

श्रीनिवासने काय केलं ते सांगतो. तो ओरडला. आधी सरांवर, मग बायकोवर, मग माझ्यावर. सुकाणू धरलेला हात तसाच, होडी वाऱ्याबरोबर सरळ पुढे. आणि मी? मी हात लांब केला होता. सरांचं डोकं दिसत होतं, नारळाएवढं. पण श्रीनिवास इतका सुंदर ओरडत होता, की मी त्याच्याकडे पाहिलं. एक श्वासभर. मला असले तमाशे आवडतात, काय करू? वळून पाहिलं तर पाणी. चकाकतं, सगळीकडे सारखं, आणि त्यात माणूस नाही.

लक्ष्मी नवऱ्याला तेलुगूत एकच शब्द बोलली, “जरुगु.” सरक. तो सरकला. तिने सुकाणू घेतलं, दोर दुसऱ्या हातात घेतला, होडी आडवी केली. “काका, पाणी बघू नका,” ती म्हणाली. “कळस बघा. उडी मारली तेव्हा कळस आणि पलीकडचं एकटं बाभळीचं झाड एका ओळीत होतं. त्या ओळीत शोधा.” मी शोधलं. केशरी ठिपका. हात वर केला आणि या वेळी माझी मान कोणी कापली असती तरी वळली नसती. ती वळून खालच्या अंगाने आली, शीड सोडलं, ते फडफडलं, आणि होडी सरांच्या शेजारी दूध उतू जाता जाता थांबावं तशी थांबली.

आम्ही तिघांनी त्यांना वर ओढलं. त्यांनी तोंडातलं पाणी थुंकलं. “उशीर,” लक्ष्मीला म्हणाले. मला म्हणाले, “नजर काढली तुमी.” मी चष्मा पुढे केला. त्यांनी तो चाचपडत घेतला, शोधत. तेव्हा मला ते ध्यानात आलं नाही.

काठावर बसून त्यांनी लक्ष्मीच्या वहीवर सही केली. तिचे समुद्रावरचे दिवस गोव्यात त्यांच्याच एका जुन्या सहकाऱ्याकडे पुरे करायचे, असं ठरवून दिलं. श्रीनिवासच्या नावापुढे लिहिलं, ‘प्रवासी’. श्रीनिवास लाल झाला. म्हणाला, गावात काय तोंड दाखवू, यॉट माझ्या नावाची, जावयाच्या आईबापासमोर बायको कप्तान? पत्रिका छापून झाल्यात. सर म्हणाले, पत्रिका प्रेसवाल्याकडून परत छापून घ्या, त्याला सवय हाय. आणि पुढे म्हणाले, दुसऱ्या माणसाची जागा रिकामी आहे. ती हवी तर सहा रविवार.

तो निव्वळ रागाने आला. सहाही रविवार. सरांवरच्या रागाने त्याने लक्ष्मी नावाचा कॅन बाहेर काढला, पहिल्या रविवारी एकदाही नाही, शेवटच्या रविवारी सलग नऊ वेळा. माणसं प्रेमाने शिकतात असं म्हणतात. मी तरी एक माणूस संतापाने शिकलेला पाहिला.

लक्ष्मी गोव्याहून दोन्ही प्रमाणपत्रं घेऊन आली, आणि जूनमध्ये ग्रीसहून तिचा फोन आला, तो मी स्पीकर लावून वर नेला. धक्क्यावरच्या माणसाने सवयीने कागद श्रीनिवाससमोर धरले. श्रीनिवासने ते बायकोकडे सरकवले आणि दुसऱ्या जागी स्वतःची सही केली. आधी वाचून. सर ऐकत होते. मला वाटलं, आता तरी एखादा बरा शब्द. ते म्हणाले, “आत्ता कुटं हाय तुमी? नांगरावर? मग फोनवर काय बोलत बसलाय, नांगर सरकतोय का ते बघा की.” आणि फोन माझ्या हातात देऊन खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. दोरीला त्यांनी एक गाठ मारली आणि बराच वेळ सोडली नाही.

पावसाळ्यानंतर क्लास बंद झाला. शिकवण्याच्या परवान्याचं नूतनीकरण होतं, त्याला डॉक्टरचा दाखला लागतो. डोळ्यांचे डॉक्टर त्यांचेच जुने विद्यार्थी. त्यांनी मला नंतर सांगितलं, मी म्हटलं सर, एवढं काय, मी लिहितो बरोबर म्हणून, तुम्ही शिकवणार तर सावलीत बसून. सरांनी त्यांच्या हातातून फॉर्म घेतला आणि दृष्टीच्या रकान्यात स्वतःच लिहिलं, ‘दिसत नाही’. डॉक्टरांना वर तिसरा मजलाही ऐकवला. पेशंट बाहेर ताटकळले होते म्हणे.

मी वर गेलो तेव्हा नकाशे गुंडाळणं चाललं होतं. मी रागावलो. खरंच रागावलो. म्हटलं, एका सहीचा प्रश्न होता, तुमच्यासारखा माणूस परत या गावाला मिळणार आहे का? ते माझ्याकडे बघत होते, पण थोडं बाजूला, जिथे मी नव्हतो तिथे.

“त्या दिशी तुमी मला हरवलं,” ते म्हणाले. “आन् मी पाण्यातनं बघत हुतो. मला होडीच दिसंना प्रेसवाले. एवढं मोठं शीड. चष्मा लावून बी आता तसंच. ती बाई आली म्हणून मी हितं हाय. पुढच्या बॅचला पाण्यात कोण पडल, आन् काठावरनं बघणारा मी?”

मुलगी बेंगळुरूला असते, तिच्याकडे जायचं ठरलं. भर दुपारी रिक्षा पलीकडच्या बाजूला उभी राहिली. मी म्हटलं पोचवतो. त्यांनी मला दारातच थांबवलं. एक ट्रंक, तिला त्यांची गाठ, खांद्यावर नकाशांची नळी. सात रस्त्याच्या मधोमध गेले आणि सगळी वाहतूक त्यांच्यावर ओरडायला लागली, आणि ते वाहतुकीवर. कोणी कोणाला वाट द्यायची होती ते त्यांनी प्रत्येकाला थांबून सांगितलं. एका टेम्पोवाल्याला तर दोनदा. मग ट्रंक रिक्षात गेली, ते गेले, रिक्षा स्टेशनच्या दिशेने वळली.

मी दारात उभा होतो. माझा हात केव्हा वर गेला ते मला कळलं नाही. लांब केलेला, रिक्षाच्या मागच्या पिवळ्या पट्टीवर रोखलेला. मध्ये बस आली, बैलगाडी आली, लग्नाचा बँड असलेली एक जीप आली. मागून लग्नपत्रिकेचं गिऱ्हाईक विचारत होतं, “काय ओ, कुणाला दाखवताय? किती वेळ झाला, मी हितं उभा हाय की.”

मी मान वळवली नाही.